सोंग एकट्याने घेता येत नाही: अफवांवरच्या एका खेळाचं प्रकरण

मोठ्या माणसांना समाजमाध्यमं शिकवायची म्हटलं की बहुतेक प्रशिक्षक एक यादी घेऊन उभे राहतात. अनोळखी लिंक उघडू नका. ओटीपी सांगू नका. खात्री केल्याशिवाय काही पुढे पाठवू नका. समोरची मंडळी माना डोलावतात, चहा घेतात, आणि घरी पोचायच्या आत कुठल्याशा पाल्याच्या रसाने साखर कायमची जाते हा मेसेज तीन ग्रुपवर टाकून मोकळी होतात. यादीत चूक काहीच नसते. पण चाळीस-पन्नास वर्षं बाजारहाट, सोयरीक आणि भाऊबंदकी निभावलेल्या माणसाला 'फसू नका' असं सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे. ते त्याला माहीतच असतं.

म्हणून जगभर काही लोकांनी यादी बाजूला ठेवून सर्जनशील विचाराची साधनं वापरून पाहिली. खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका साधनाचं आहे: अफवा पसरवणाऱ्याचं सोंग घ्यायला लावणाऱ्या खेळाचं. नेदरलँड्समधल्या एका शाळेत त्याने आशा दाखवली, इंटरनेटवर ते गाजलं, आणि भारतात मोठ्या माणसांच्या हाती दिल्यावर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. असं का झालं यावर माझं एक मत आहे, आणि त्यात साधनाला दोष नाही.

उलटा प्रश्न

ॲलेक्स ऑस्बॉर्न हा न्यू यॉर्कच्या जाहिरात धंद्यातला माणूस. बैठकीत कुणी काही नवं बोलायला धजत नाही, कारण बोललं की लगेच कुणीतरी ते खोडून काढतं, हे त्याने हेरलं आणि विचारमंथनाची पद्धत बसवली: आधी सुचेल ते बोला, छाननी नंतर. याच पद्धतीचा पुढचा एक प्रकार म्हणजे उलटं विचारमंथन. 'अफवा कशी थांबवायची?' असं विचारायचंच नाही. विचारायचं, 'अफवा हमखास पसरायची असेल तर काय काय करावं लागेल?' पहिल्या प्रश्नावर लोक भाषण देतात. दुसऱ्यावर डोळे चमकतात, कारण बिघडवायचं कसं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. यादी तयार झाली की तीच उलटी करून वाचायची, की बचावाच्या जागा दिसायला लागतात.

एडवर्ड डी बोनोच्या सहा टोप्या याहून जास्त प्रसिद्ध आहेत. १९८५ साली त्याने त्या मांडल्या. प्रत्येक रंगाची टोपी म्हणजे विचाराची एक दिशा, काळी म्हणजे खोट काढण्याची. एकाच वेळी सगळ्यांनी एकाच दिशेने विचार करावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांत मात्र त्या टोप्या खरोखरच रंगीत कागदाच्या करून डोक्यावर चढवतात, फोटो निघतात, आणि काळी टोपी कुणाच्या वाट्याला आली यावर हशा होण्यातच निम्मा वेळ जातो. मला उलटा प्रश्न जास्त भावतो. त्याला साहित्य लागत नाही.

या उलट्या प्रश्नाला मानसशास्त्राचाही एक आधार आहे. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं दाखवलं की ज्या गोष्टीला कधी कुणी विरोधच केलेला नसतो, उदाहरणार्थ जेवणानंतर दात घासावेत, त्या गोष्टीवरचा लोकांचा विश्वास पहिल्याच हल्ल्यात डळमळतो. पण हल्ल्याचा सौम्य नमुना आधी दाखवला आणि त्याचं उत्तर शोधायला लावलं, तर पुढचा खरा हल्ला पचवता येतो. लस देण्याचीच ही कल्पना, म्हणून तिला लसीकरणाचा सिद्धान्त म्हणतात. मॅकग्वायरने यात एक फरकही केला होता. उत्तर तयार करून हातात देणं वेगळं आणि माणसाने ते स्वतः रचणं वेगळं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

शाळेतून मोबाइलवर

केंब्रिज विद्यापीठातले यॉन रोझनबेक आणि सँडर फान डर लिंडेन यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. सुरुवात नेदरलँड्समधल्या एका हायस्कुलात झाली. ९५ विद्यार्थी, सरासरी वय सोळा. मुलं छोट्या गटांत बसली आणि देशात येणाऱ्या निर्वासितांच्या विषयावर दिशाभूल करणारा लेख रचू लागली. प्रत्येक गटाला एक भूमिका दिली होती: सगळंच नाकारणारा, भीती घालणारा, क्लिकसाठी हपापलेला आणि सगळीकडे कटकारस्थान दिसणारा. नंतर त्यांच्यापुढे खराच एक बनावट लेख ठेवला, तेव्हा खेळलेल्या मुलांना तो कमी विश्वासार्ह वाटला. नमुना लहान होता आणि निष्कर्ष सावध होता, पण वाट दिसली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'ड्रोग' या डच संस्थेबरोबर त्यांनी 'बॅड न्यूज' हा संगणकावर आणि मोबाइलवर खेळायचा खेळ आणला. खेळणारा खोट्या बातम्यांचा कारखानदार होतो. अनुयायी वाढवायचे, पण विश्वासार्हता पूर्ण घसरू द्यायची नाही. वाटेत सहा बिल्ले मिळतात: तोतयेगिरी, भावना भडकवणं, फूट पाडणं, कटाच्या गोष्टी, टीकाकाराची बदनामी आणि ट्रोलिंग. सगळं पाऊण तासही घेत नाही, पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. सुमारे १५ हजार खेळाडूंच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांवरून २०१९ मध्ये अहवाल आला: खेळल्यावर बनावट मजकूर ओळखायची क्षमता वाढते.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवावी लागेल. हे १५ हजार लोक स्वतःहून त्या संकेतस्थळावर आले होते. म्हणजे ज्यांना या विषयात रस होता, इंग्रजी वाचता येत होतं आणि असा खेळ खेळायची सवय होती, ते आले. शिबिराला आपण होऊन येणारा माणूस आणि ज्याच्यासाठी शिबिर भरवलेलं असतं तो माणूस, हे दोघे फार क्वचित एकच असतात.

राईनपाडा आणि त्यानंतर

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मरेपर्यंत मारलं. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी असे बळी गेले. मुलं पळवणाऱ्यांच्या मेसेजांबरोबर त्या काळात एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढंच त्यात दिसायचं. मुळात तो कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जागृतीपट होता. पूर्ण फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी फक्त शेवट कापला. सावध करण्यासाठी केलेली फीत माणसं मारायला कारण झाली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. 'फॉरवर्डेड' अशी खूणही तेव्हाचीच. पाचाची मर्यादा जानेवारी २०१९ पासून सगळ्या जगाला लागू झाली. कंपनीने संशोधकांनाही पैसे दिले, आणि तिच्या पाठबळाने रोझनबेक व फान डर लिंडेन यांच्या चमूने 'जॉईन धिस ग्रुप' हा नवा खेळ केला. पडदा व्हॉट्सॲपसारखाच दिसतो. खेळणारा एका ग्रुपमध्ये शिरतो आणि फसवाफसवीच्या चार युक्त्या त्याला आतून कळत जातात: खोटा तज्ज्ञ उभा करणं, भावनेला हात घालणं, दोन गटांत तेढ लावणं, आणि शेवटी शब्दांवरून प्रकरण हातघाईवर आणणं.

भारतासाठी खेळाचं रूपांतर केलं गेलं आणि प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन त्याची चाचणी घेतली. ७५७ जण त्यात होते. काहींनी खेळ खेळला, काहींनी नाही, आणि मग सगळ्यांना खरे-खोटे मेसेज दाखवून किती भरवशाचे वाटतात ते विचारलं. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खेळलेल्या आणि न खेळलेल्या लोकांत लक्षणीय फरक नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही, ठळकपणे छापलं, याचं मला कौतुक वाटतं. फसलेल्या प्रयोगांचे अहवाल आपल्याकडे बहुधा कपाटातच राहतात.

काय अडलं

पहिलं कारण चटकन सुचतं: निरक्षरता, मोबाइलची सवय नसणं. त्यात तथ्य आहे. खेळ वाचायचा होता, आणि खेड्यातला व्हॉट्सॲप बराचसा ऐकायचा आणि बघायचा असतो. ज्या बाई दिवसभर व्हॉइस मेसेजवर माहेराशी बोलतात त्यांना लेखी पर्यायांतून एक निवडायला सांगणं म्हणजे परीक्षेला बसवणंच.

पण हे कारण पुरेसं नाही. त्याच सुमारास झालेले इतर प्रयोग शेजारी ठेवले की चित्र बदलतं. फेसबुकच्या 'खोटी बातमी कशी ओळखाल' या सूचनांची अमेरिका आणि भारत या दोन्ही देशांत चाचणी झाली. भारतातल्या ऑनलाइन, उच्चशिक्षित गटाला खरं-खोटं ओळखणं जमू लागलं. उत्तर भारतातल्या बहुतांशी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन घेतलेल्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन या संशोधिकेने बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांना समोर बसवून सुमारे तासभर शिकवलं, फोटोचं मूळ कसं शोधायचं हेही दाखवलं. एकंदरीत परिणाम दिसला नाही. उलट सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांचा, त्यांच्या मनाजोगत्या खोट्या बातम्यांच्या बाबतीत, निकाल बिघडला. इथे खेळ नव्हता, प्रशिक्षक समोर होता, तरीही.

वेगळा निकाल लाहोरमध्ये आला. आयशा अली आणि इहसान अय्यूब काझी यांनी मोबाइलची फारशी जाण नसलेल्या लोकांवर प्रयोग केला. नुसता शैक्षणिक व्हिडिओ दाखवून उपयोग झाला नाही. पण व्हिडिओबरोबर त्या माणसाने आधी नेमकं काय चुकीचं ओळखलं होतं हे त्यालाच सांगितलं, तेव्हा फरक पडला. 'लोक फसतात' हे कुणालाही पटतं. 'ताई, हा मेसेज तुम्ही खरा मानला होता' हे ऐकलं की माणूस सावरून बसतो.

यातून मला जे दिसतं ते असं. उलटा विचार हे साधन सोंग घ्यायला लावतं. आपल्याकडे सोंग घेऊन शिकवण्याची रीत नवी नाही. भारुडात वेडा, भूत, जोशी यांची सोंगं येतात आणि त्यांच्या तोंडून शहाणपण निघतं. पण भारूड कुणी बंद खोलीत एकट्याने करत नाही. सोंगाला बघणारे लागतात, हसणारे लागतात, 'अगं, असं नाही, असं म्हण' असं मध्येच सुचवणारे लागतात. नेदरलँड्सच्या शाळेत मुलं गटात होती. गटातून खेळ मोबाइलवर गेला तेव्हा नेमकं हेच गळालं. सोळा वर्षांच्या मुलाला पडद्यावर एकट्याने खलनायक व्हायला मजा येते. पन्नाशीचा माणूस सर्वेक्षणासाठी आलेल्या परक्यासमोर 'मी लोकांत तेढ लावेन' हा पर्याय मनापासून दाबेल का? तो सज्जनपणे योग्य वाटणारं बटण दाबेल आणि मोबाइल परत देईल.

दुसरी गोष्ट विश्वासाची. खेळातला फसवणारा अनोळखी असतो. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकणारे मामा असतात. आपण मेसेज तपासत नाही, पाठवणाऱ्याकडे बघतो, आणि मामांना सगळ्यांदेखत खोटं पाडणं हा मजकुराचा प्रश्नच नसतो, तो नात्याचा असतो. या बाबतीत तो खेळ शिकणाऱ्याला फारसं काही देत नाही, असं माझं मत.

पुन्हा कागदावर

बचत गटांच्या बैठकीत मी हेच साधन वापरतो, फक्त पडद्यावरून उतरवून. मोबाइल पिशवीत. पाच-सहा जणींचा गट, एक कोरा कागद, एक मोठा पेन. काम असं: 'आपल्या तालुक्यात संध्याकाळपर्यंत पसरेल असा खोटा आरोग्याचा मेसेज तयार करा.' विषय मीच देतो, भेंडी किंवा मेथी. जात, धर्म, पक्ष, गावातलं कुणाचं नाव, मुलं पळवणं, हे सगळं बाद. आणि सत्र संपलं की कागद सगळ्यांसमोर फाडायचा. ही अट मी पहिल्यांदा सांगतो आणि कुणी हसलं तरी सोडत नाही. बनावट मजकूर कसा करावा हे शिकवणं ही जोखीमच आहे, आणि ती नाकारणारा प्रशिक्षक मला बेफिकीर वाटतो.

पहिली काही मिनिटं शांतता असते. मग एखादी म्हणते, 'डॉक्टर पाहिजे.' दुसरी, 'मुंबईचा पाहिजे.' तिसरी, 'डॉक्टरचं आडनाव नको, नाहीतर कुणी शोधेल.' मग भराभर येतं: माझ्या जावेच्या भावाने स्वतः अनुभव घेतलाय, औषध कंपन्या हे लपवतात, एक मिनिट काढून नक्की वाचा, एकाचा तरी जीव वाचेल, शेवटी हात जोडलेले. काहीही न शिकवता खोट्या मेसेजचे बहुतेक सगळे अवयव कागदावर उतरतात. केंब्रिजच्या बिल्ल्यांपैकी तोतयेगिरी, भावना आणि कट हे तीन तर हमखास. मी ती नावं त्यानंतर सांगतो. आधी सांगितली तर त्या नावांच्या व्याख्या मागतात.

मग कागदांची अदलाबदल. दुसऱ्या गटाने सांधे शोधायचे: कोणतं वाक्य काढलं तर मेसेज पडेल? हा प्रश्न फार कामाचा आहे. 'खरं का खोटं' विचारलं की लोक अंदाज ठोकतात. कोणत्या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे हे विचारलं की ते वाचायला लागतात. कराचीच्या फितीची गोष्ट मी याच वेळी सांगतो. शेवट आधी सांगत नाही. मूल उचललं, गाडी निघाली, पुढे काय झालं असेल, असं विचारतो, आणि तर्क संपल्यावर कापलेला भाग सांगतो. 'काय घातलंय' याबरोबर 'काय काढलंय' हेही विचारायचं असतं, हे त्या गोष्टीमुळे मुद्दाम सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी तिसऱ्या भागाला देतो, आणि तो कुठल्याच परदेशी साच्यात नाही. हाच मेसेज घरच्या ग्रुपवर मामांनी पाठवला. काय कराल? पहिली उत्तरं दोनच असतात, गप्प बसणार किंवा हात जोडलेले पाठवणार. इथे ऑस्बॉर्नचा नियम लावायचा, वाईट वाटली तरी सगळी उत्तरं लिहायची, छाननी नंतर. एकीने सुचवलं, मामींना फोन करायचा. दुसरी म्हणाली, ग्रुपवर नको, मामांना वेगळं लिहायचं: 'मामा, मेथीचं वाचलं. आमच्या ह्यांना गोळ्या चालू आहेत, बंद कराव्यात का? तुम्ही डॉक्टरांना एकदा विचाराल?' जाणकारीचा मान मामांनाच द्यायचा आणि तपासण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात घालायचं. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. एकत्र कुटुंबात सुनेने टिकून राहायच्या ज्या शंभर वाटा असतात, त्यातली ही एक. सर्जनशीलता शिकवायला गेलेल्या माणसाला ती तिथे आयतीच मिळते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने स्वतःच्या मोबाइलमधला एक पुढे पाठवलेला मेसेज आणायचा असतो. लाहोरचा धडा इथे लागू केला आहे. सगळ्यांसमोर वाचायची सक्ती नाही. मी बाजूला बसून एकेकीबरोबर पाहतो. वेळ फार जातो, आणि म्हणूनच हे मोठ्या मेळाव्यात जमत नाही. या सत्रांचं मोजमाप केलेलं नाही, तेव्हा ही पद्धत चालते असा दावा मी करणार नाही. तोंड उघडतं, एवढं नक्की दिसतं.

चार बैठका आणि चौदा आठवडे

मोजून केलेलं काम पुन्हा बिहारनेच दिलं. बद्रिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेळी आठवी ते बारावीच्या मुलांना घेतलं. १३ हजारांहून जास्त विद्यार्थी, राज्य सरकारच्या यंत्रणेची साथ, गावातली वाचनालयं, आणि तासाभराच्या एका सत्राऐवजी सुमारे चौदा आठवड्यांत चार वर्ग. या वेळी फरक पडला, काही महिन्यांनी तपासलं तेव्हाही टिकून होता. आणि वर्गात कधीच न बसलेल्या आईवडिलांचीही खरं-खोटं ओळखण्याची क्षमता वाढलेली आढळली. तासभर थेट शिकवून जे मोठ्या माणसांत झालं नव्हतं, ते मुलांमार्फत घरात पोचलं.

आमच्या गटांत म्हणून आता सातवी-आठवीच्या पुढची मुलं आयांबरोबर एकाच कागदावर बसवायचं ठरलं आहे. अडचण ठरलेली आहे: मूल बसलं की आई पेन त्याच्या हातात देते आणि स्वतः मागे सरते. त्यावर तोडगा म्हणून मजकूर आईने सांगायचा, मुलाने फक्त लिहायचं, आणि सांधे शोधताना उलट, असा क्रम लावून बघणार आहोत.

पुरुष या बैठकांना येत नाहीत. दुपारी ते शेतात किंवा कामावर असतात, आणि 'मोबाइल शिकायला' येणं कमीपणाचं वाटतं. दूध डेअरीवर सकाळी फॅट लागेपर्यंत रांगेत वीस-पंचवीस जण उभे असतात. तिथे फळ्यावर रोज एक मेसेज लिहून 'कोणतं वाक्य काढलं की हा पडतो?' एवढंच विचारावं, असं डेअरीच्या सचिवांना सुचवलं आहे. फळा द्यायला ते तयार आहेत. खडू आणि मेसेज आम्ही द्यायचे आहेत.